नवरीबाई, मुक्काम बडोदे

सयाजीगंजात स्टेशनच्या बाजूला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पंप बनवणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस होतं. कौशल्या शिर्के तिथे तेवीस वर्षं टायपिस्ट होती. खडखड करणारा टाइपरायटर गेला, विजेवर चालणारा आला, तोही गेला आणि कॉम्प्युटर आला. खुर्ची तेवढी तीच राहिली. दोन हजार सहा साली कौशल्याला सत्तेचाळिसावं लागलं होतं. गुजराती, इंग्रजी, हिंदी अशा तिन्ही भाषांत तिची बोटं सारख्याच वेगाने चालत. मराठीत टाइप करायची वेळ मात्र तिच्यावर कधी आलीच नव्हती.

दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी. साहेब लोक खाली सेवउसळ खायला जात. कौशल्याचा डबा दहा मिनिटांत संपे. उरलेली पन्नास मिनिटं ती गुजराती पेपर वाचून काढायची. तिची भाची शिवांगी हिने या पन्नास मिनिटांची वाट लावली, किंवा सोय लावली, कसंही म्हणा.

शिवांगी कौशल्याच्या भावाची, धैर्यशीलची मुलगी. धैर्यशील सावली नावाच्या गावी एका कारखान्यात होता. पोरगी इथे इंजिनीअरिंगला, म्हणून आत्याकडे राहायची. घरात तिघं: आत्या, शिवांगी आणि आबा. आबा म्हणजे कौशल्याचे वडील पिलाजीराव. यांचे पणजोबा बडोद्याच्या महाराजांच्या घोडदळात होते म्हणे. आबांनी स्वतः मात्र जवळच्या बाजवा स्टेशनात रेल्वेच्या मालधक्क्यावर पावत्या फाडत जन्म काढला.

संध्याकाळी टीव्ही लागला की आत्याचं तोंडही सुरू व्हायचं. "ही बाई झोपतानासुद्धा हार घालते, मानेला काचत नाही?" किंवा "अगं, त्या मोठ्या सुनेला विचारा तरी कोणी, तिचं मत काय!" एक दिवस शिवांगी म्हणाली, "आत्या, एवढी बडबड टीव्हीला ऐकवतेस, ती 'झोपाळ्या'वर लिही ना. तिथे सगळे हेच करतात."

"कोण सगळे?"

"पुण्याचे, मुंबईचे, अमेरिकेचे. ज्यांना काही काम नाही ते."

'झोपाळा' ही मराठी लोकांची गप्पा मारायची वेबसाइट होती. इंग्रजी अक्षरं बडवली की पडद्यावर मराठी उमटायचं. शिवांगीने नाव नोंदवून दिलं आणि पहिल्या दिवशी दोन ओळी टाइप करायलाही शिकवलं. पण घरी नेमके पाहुणे आले, चार दिवस गेले. पाचव्या दिवशी, एक वाजून बारा मिनिटांनी, ऑफिसात डबा बाजूला सारून कौशल्याने लिहिलं:

"नमस्कार. मी कौशल्या, बडोद्याहून. चार दिवस घरात पाहुण्यांचा नुसता गोंधळ होता. आज सकाळी नवरी झाले, म्हणून लगेच तुमच्यात आले. मला एक विचारायचं आहे. सीरियलमधल्या बायका एवढं खातात, एवढं वाढतात, मग त्या घरात भांडी कोण घासतं?"

दुसऱ्या दिवशी तिने पान उघडलं तर खाली एकवीस उत्तरं होती. भांड्यांबद्दल त्यातली दोन.

"अभिनंदन! नांदा सौख्यभरे!"

"अगं, आज सकाळी नवरी झालीस आणि दुपारी कॉम्प्युटरवर? नवरा कुठे आहे?"

"लग्नाच्या दिवशीच भांड्यांचा विचार! बाई, तुझं अवघड आहे."

भास्करराव नावाचे पुण्याचे एक निवृत्त शिक्षक होते. सगळ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घावर त्यांचा पहारा असे. त्यांनी लिहिलं होतं, "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी कौशल्या, आता सौभाग्यवती. अनेक आशीर्वाद. 'सीरियल' ऐवजी 'मालिका' लिहावे."

कौशल्याला आधी काही कळेचना. मग स्वतःची ओळ पुन्हा वाचली आणि तिचे कान गरम झाले.

बडोद्यात कोणी 'नवरी झाले' म्हटलं तर शेजारीण विचारते, 'मग येतेस का भाजीला?' गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी, हातातलं काम आटोपलेली. बडोद्याच्या मराठी घरांत हा शब्द केव्हाचा येऊन बसला आहे. आबाच दिवसातून दोनदा विचारतात, "नवरी झालीस का गं? मग जरा चष्मा शोध." लग्नातली नवरी वेगळी, ही वेगळी. कोणाचा कधी घोटाळा होत नाही. पण हे बडोद्यात. पुण्यात कोण सांगणार?

एक ओळ लिहिली असती की मिटलं असतं. 'अहो, आमच्याकडे नवरी म्हणजे रिकामी.' तिने ती ओळ टाइपही केली आणि पुसली.

त्याला कारण होतं. कौशल्या एकवीस वर्षांची असताना साताऱ्याकडचे लोक तिला पाहायला आले होते. मुलगा बरा होता, हसरा होता. त्याच्या मामीने काही विचारलं आणि कौशल्या उठून म्हणाली, "बसा, मी चहा मुकते." चहा मुकते, म्हणजे चुलीवर ठेवते. घरात रोजचं बोलणं. मामी म्हणाली, "अगं बाई, चहाला मुकायचं का आम्ही?" सगळे हसले, मुलगाही हसला. नकाराचं पत्र आलं त्यात पत्रिकेचं कारण होतं. पण मामी निघताना जिन्यात बोलली ते कौशल्याने ऐकलं होतं: "मुलगी चांगली आहे, पण मराठी म्हणजे अगदीच गुजरात्याचं." पुढे आईचं आजारपण आलं, धैर्यशीलचं शिक्षण आलं, आणि पाहायला येणारे थांबले. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या माणसापुढे कौशल्या शब्द मोजून बोलायची.

शिवाय दुसरंही एक कारण होतं. एकोणीस माणसांनी तिला नवरी म्हटलं होतं. त्या अर्थाने जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. ते पुसायला हात धजेना.

मग ती 'झोपाळ्या'वर नवरीबाईच झाली. रोज दुपारी एकच्या ठोक्याला ती यायची आणि लोक वाट बघत असायचे. गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिरातीबद्दल तिने लिहिलं, "सात दिवसांत गोरी होऊन त्या मुलीला नोकरी मिळते. सात दिवसांत टायपिंग शिकली असती तरी मिळाली असती." टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेबद्दल लिहिलं, "पोरगं हरतं तेव्हा कॅमेरा आईवर का जातो? बाप काय घरी राहिला?" लोक खाली हसायचे, भांडायचे, आपापल्या घरच्या गोष्टी सांगायचे. भास्करराव शुद्धलेखन सुधारायचे आणि शेवटी "मुद्दा पटला" असं लिहायचे.

तिने खोटं असं काही लिहिलं नव्हतं. "आबांना साखर बंद आहे, तरी चहात दोन चमचे मागतात," असं लिहिलं की लोक म्हणायचे, "सासरे गोड दिसतात." ती गप्प राहायची, एवढंच.

एकदा विषय निघाला, नवरा घरात 'मदत' करतो म्हणजे काय. कौशल्याने लिहिलं, "मदत दुसऱ्याच्या कामात करतात. मी रोज स्वयंपाक करते त्याला कोणी मदत म्हणतं का?" खाली एका बाईने विचारलं, "नवरीबाई, तुमचे हे काय करतात हो? काही करतात का घरात?"

कौशल्याची बोटं तिच्या आधी पोचली. "ते पंपाच्या कंपनीत आहेत. स्वतःचा डबा स्वतः भरतात."

लिहून झाल्यावर तिने समोरच्या डब्याकडे पाहिलं. सकाळी तिनेच भरलेला. त्या दिवशी घरी जाताना ती बसने गेली नाही, पायी गेली. पंपाच्या कंपनीतला तो गृहस्थ रस्त्याच्या बाजूने चालतोय, रिक्षा अंगावर येऊ देत नाहीये, असं काहीतरी तिच्या मनात आलं. त्याला चष्मा होता. तिच्यासारखाच, काडीला दोरा बांधलेला. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं, मग जरा वाईट वाटलं.

दोन महिने असे गेले. मग एका मंगळवारी तिच्या एकटीसाठी निरोप आला. पाठवणारी मालविका, राहणार नाशिक. कौशल्याने हे नाव कधी पाहिलं नव्हतं. ही मुलगी नुसती वाचायची, लिहायची नाही.

"ताई, मी पंचवीस वर्षांची आहे. एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. माझं लग्न ठरलं आहे. सासरच्यांचं म्हणणं आहे, लग्नानंतर नोकरी नको. मला ठरवता येत नव्हतं. पण दोन महिने तुमचं लिहिणं वाचते आहे. तुम्ही लग्न करून घरी आहात, दुपारी निवांत लिहिता, आणि तरी किती स्वतःच्या डोक्याने बोलता! नोकरी सोडली म्हणजे बाई संपत नाही, हे तुमच्याकडे बघून पटलं. शुक्रवारी राजीनामा देते आहे. तुम्हाला सांगावंसं वाटलं. आशीर्वाद द्या."

कौशल्याने ते तीनदा वाचलं. दोन वाजले, साहेब पत्राचा मजकूर घेऊन आले. त्या पत्रात तिने कोईमतूर ऐवजी नाशिक टाइप केलं. तेवीस वर्षांत अशी चूक पहिलीच.

संध्याकाळी ती पोळ्या लाटत होती. शिवांगी कॉलेजातून आली, पाठीवरची बॅगही न काढता ओट्याला टेकून उभी राहिली.

"आत्या, आज लॅबमध्ये 'झोपाळा' उघडला होता. हे पंपाच्या कंपनीतले काका कोण?"

पोळी तव्यावर फुगून बसली.

"मला न सांगता लग्न? निदान बुंदी तरी द्यायचीस."

बाहेरून आबांनी विचारलं, "कोणाचं लग्न?"

"कोणाचं नाही, आबा. बातम्या बघा तुम्ही!" शिवांगी ओरडली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "डबा स्वतः भरतो! आत्या, निदान खरा वाटेल असा तरी नवरा करायचास."

कौशल्या हसली नाही. तिने गॅस बंद केला आणि मालविकाचा निरोप सांगितला, जवळजवळ शब्दाला शब्द. शिवांगीने बॅग खाली ठेवली.

"मग सोपं आहे. आयडी उडवून टाक. एक क्लिक. नवरीबाई गायब. पुढच्या आठवड्यात नव्या नावाने ये."

"आणि ती मुलगी?"

"ती कोण तुझी?"

"कोणी नाही." कौशल्याने पोलपाटावरचं पीठ हाताने गोळा केलं. "पण तिने माझ्याकडे बघून ठरवलंय, शिवांगी. घरी बसलेली सुखी बाई. आणि मी तर रोज ऑफिसात बसून लिहिते."

"तिला एकटीला खरं सांग मग. सगळ्यांना कशाला? फाडून खातील तुला."

"तिला आधी लिहीनच. पण नवऱ्याचं मी सगळ्यांसमोर लिहिलं होतं. दुसऱ्या कोणी तेच वाचून काही ठरवलं असेल तर मला कुठे कळणार?"

शिवांगीने ओट्यावरचं लाटणं उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुझी बोलायची एवढी एकच जागा आहे, आत्या." तेवढ्यात तवा थंड झाल्याचं दिसलं म्हणून तिनेच गॅस पेटवला.

बुधवारी कौशल्याने डबा उघडलाच नाही. आधी मालविकाला चार ओळी लिहिल्या, खाली ऑफिसचा फोन नंबर दिला. मग सगळ्यांसाठी लिहिलं:

"मी कौशल्या शिर्के. वय सत्तेचाळीस. माझं लग्न झालेलं नाही. बडोद्याच्या मराठीत नवरी म्हणजे रिकामी, काम आटोपलेली. पहिल्या दिवशी मला तेवढंच म्हणायचं होतं. तुम्ही आशीर्वाद दिलेत, ते मला गोड वाटले, म्हणून मी गप्प राहिले. माझी भाषा कळली तर हसाल, अशीही भीती होती. आबा माझे वडील आहेत. पंपाच्या कंपनीत मी आहे, डबा मी भरते. नवऱ्याचं लिहिलं ते खोटं. दुपारी लिहिते ती सुट्टी माझ्या ऑफिसातली असते. माझी मतं खरी आहेत, पण ती घरी बसलेल्या बाईची नाहीत, नोकरी करणाऱ्या बाईची आहेत. कोणी माझ्याकडे बघून काही ठरवत असेल तर कृपा करून हे धरून ठरवा. माफ करा."

'पाठवा'वर टिचकी मारली आणि खिडकी बंद केली. मग पाणी प्यायला गेली, तर ग्लास भरून हातातच राहिला.

गुरुवारी चौतीस उत्तरं होती.

"दोन महिने आमच्या शुभेच्छा घेतल्या, लाज नाही वाटली?"

"बडोदेकरांनी आधी मराठी शिकावं, मग मतं द्यावीत."

"मला तर नवरा डबा भरतो म्हटल्यावरच संशय आला होता."

एका बाईने लिहिलं होतं की ती आता इथे काहीच खरं मानणार नाही. ते वाचून कौशल्या बराच वेळ त्याच ओळीपाशी थांबली. टोमण्यांचं तिला काही वाटलं नाही, पण या बाईचं बरोबर होतं.

सगळ्यात खाली भास्करराव. "कौशल्याबाई, चाळीस वर्षे मराठी शिकवली, पण हा अर्थ माझ्या कोशात नाही. समासात पेन्सिलीने लिहून घेतला आहे. एक शंका. तुमच्या बडोद्यात लग्न झालेल्या बाईलाही नवरीच म्हणता ना?"

कौशल्याने उत्तर दिलं, "लग्नाच्या दिवशी म्हणतो. त्यानंतर ती कधी नवरी होत नाही."

पाच मिनिटांनी पडद्यावर उमटलं, "मुद्दा पटला."

पण मालविकाचं काही नव्हतं. निरोपाच्या खाली 'वाचला' एवढाच शब्द दिसत होता. काल दुपारीच वाचला होता तिने.

शुक्रवारी एक वाजता ऑफिस रिकामं झालं. टेलिफोनवर बसणाऱ्या हंसाबेन जागेवरच डबा खात होत्या. कौशल्याने 'झोपाळा' उघडला नाही. नाशिकला एव्हाना राजीनामा देऊनही झाला असेल, असं तिच्या मनात येत होतं. अशी पत्रं लोक सकाळीच देऊन टाकतात. तिने स्वतः कितीतरी जणांचे राजीनामे टाइप केले होते, त्यात बायकांचे जास्त. 'घरगुती कारणास्तव.' ती ओळ तिच्या बोटांना पाठ होती.

एक वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. हंसाबेननी घास गिळून उचलला आणि तिथूनच हाक मारली, "कौशल्याबेन, तमारो फोन! कोई मराठी छोकरी छे."

कौशल्याने रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे रस्त्याचा आवाज होता, बहुतेक फोन बूथ.

"मी मालविका. नाशिकहून."

"बोल."

"तुम्ही खोटं बोललात."

"हो," कौशल्या म्हणाली.

"मला फार राग आला होता. वाटलं, ही बाई कोण मला फसवणारी." ती थांबली. "आज राजीनामा द्यायचा होता. नाही दिला. बॅगेत आहे."

हंसाबेननी उठून आपली खुर्ची पुढे केली. कौशल्या बसली.

"तुमच्यामुळे नाही हं," मालविका म्हणाली. "म्हणजे तुमच्यामुळेच. मी मनात म्हटलं, मी नोकरी सोडतेय कोणाचं बघून, तर जी बाई ते लिहिताना स्वतः नोकरीवर बसलेली होती तिचं बघून!" आणि तिला एकदम हसू फुटलं. कौशल्यालाही हसू आलं, पण तिचे डोळे भरले होते, म्हणून तिने रिसीव्हरवर हात ठेवला.

"आहात ना, ताई? ताई म्हणू ना?"

"आत्या म्हण. त्याची मला सवय आहे."

"आत्या, मग आता तुम्हीच सांगा. सोडू की नको?"

कौशल्याने पदराने चष्मा पुसला. इतके दिवस ती जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत देत होती. आता समोरून सरळ प्रश्न आला होता आणि तो नवरीबाईला नव्हता.

"बाळा, लग्नाचं मला काही माहीत नाही. ऑफिसचं माहीत आहे. माझी आई गेली तेव्हा चौदाव्या दिवशी मी इथे येऊन बसले. लोक म्हणाले, काय बाई आहे. पण घरात येणारा प्रत्येक जण मला रडवून जात होता, आणि इथे एक पत्र टाइप करायचं पडलं होतं. ते केलं. त्या दिवशी मला श्वास घेता आला. एवढं मी खात्रीने सांगू शकते. नोकरी असली की एकटं वाटत नाही, असं मी सांगणार नाही. वाटतं."

पलीकडे एक ट्रक गेला. मग मालविका म्हणाली, "क्षितिज रविवारी येणार आहे. ज्याच्याशी ठरलंय तो."

"तोच म्हणाला का, नोकरी सोड?"

"त्याच्या आई म्हणाल्या. तो तिथेच बसला होता."

"आणि तो काय म्हणाला?"

"काही नाही."

"तू विचारलंस त्याला?"

"नाही," मालविका म्हणाली. "मला वाटलं, तो गप्प आहे म्हणजे त्यालाही तेच हवं असेल."

"मी दोन महिने गप्प होते," कौशल्या म्हणाली. "लोकांनी माझं लग्न लावून टाकलं. गप्प बसण्याचा अर्थ आपला आपण लावू नये गं. त्याला विचार. मला काय विचारतेस? मी तर त्याचं नावसुद्धा आत्ता ऐकलं."

मालविका पुन्हा हसली, पण या वेळी थोडंसंच. "आणि तो आईच्याच बाजूने बोलला तर?"

जिन्यात पावलं वाजू लागली होती, साहेब लोक वर येत होते. हंसाबेन हातात डब्याचं झाकण धरून तिच्याकडे बघत उभ्या होत्या.

"तर मला फोन कर. रविवारी ऑफिस बंद असतं, घरचा नंबर घे. आबांनी उचलला तर घाबरू नको, त्यांना ऐकू कमी येतं, जोरात बोल. पेन आहे?"

"आहे."

कौशल्याने एकेक आकडा सावकाश सांगितला. मालविकाने तो मागोमाग म्हटला. मध्ये एका ठिकाणी तिने सहाच्या जागी सात म्हटलं.

"सहा," कौशल्या म्हणाली. "खोड ते. आता परत म्हण बघू. पहिल्यापासून."